पंचवीस हर्ट्झची हाक

रुग्णाच्या उशाशी लावायची घंटी त्या दुपारीही कुणी बटण न दाबता वाजली, आणि ऑफिसात ज्याला सगळे त्रिवार म्हणत त्या तंत्रज्ञाने कपाळावर हात मारून घेतला.

त्रिवार हे नाव त्याने कमावलेलं होतं. कुठलंही रीडिंग तीनदा घेतल्याशिवाय तो खरं धरत नसे. भाजीत मीठ बरोबर आहे का, असं बायकोने विचारलं तरी तीन घास खाऊन मगच उत्तर द्यायचा. बायको नर्स होती. दोन वर्षांपूर्वी तिची बदली लांबच्या शहरातल्या हॉस्पिटलात झाली आणि तेव्हापासून मिठाबद्दल त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. स्वतःच्या हातची भाजी तो पहिल्याच घासाला नापास करत असे.

कामाचं स्वरूप साधं होतं. घंटीच्या वायरीत बाहेरून कमी फ्रिक्वेन्सीचे सिग्नल सोडायचे, पंधरा हर्ट्झपासून हळूहळू वर जायचं, दर टप्प्यावर सिग्नलची पातळी मोजायची आणि घंटी गप्प राहते ना ते पाहायचं. बाहेरच्या कुठल्याही हाकेला तिने ओ द्यायची नाही, ही पास होण्याची अट. ही घंटी मात्र रोज दुपारी ओ देत होती.

तपासणीची खोली चारी बाजूंनी लोखंडी. दार लावलं की मोबाइल म्हणजे नुसतं घड्याळ. एरवी त्याचं काही बिघडत नव्हतं, पण मागच्या आठवड्यात बायको म्हणाली होती, की परत बदली हवी का असं हॉस्पिटलवाले विचारतायत, शुक्रवारपर्यंत कळवायचंय, दुपारी फोन करते, नीट बोलू. संध्याकाळी तिची ड्यूटी सुरू व्हायची. असल्या गोष्टी टाइप करायच्या नसतात, असं तिचं ठाम मत होतं.

म्हणून त्रिवारने बाहेरच्या टेबलावरच्या फोनची लाइन काढली, लांब वायर जोडून ती दाराजवळच्या भोकातून आत घेतली आणि तिथे एक जुना फोन लावून बायकोला नंबर कळवला. असली वायर आत नेणाऱ्या नवशिक्याला त्याने स्वतःच फैलावर घेतलं असतं. आवाज नको म्हणून फोनची घंटा काढून एक छोटा दिवा बसवला. वायर लोंबकळत राहिलेली त्याला बघवेना, म्हणून रुग्णघंटीच्या वायरीलाच ती टेप लावून नीट बांधली.

दिवा काही लागला नाही. रोज दुपारभर तो एक डोळा मीटरवर आणि एक दिव्यावर ठेवून बसायचा. तिला यायचंच नसेल, असं मनाशी म्हणत त्यानेही फोन केला नाही. घंटी मात्र वाजत राहिली आणि रोज इमानेइतबारे नापास होत राहिली.

शुक्रवारी घंटीच्या कंपनीच्या इंजिनिअर बाई साक्षीदार म्हणून हजर झाल्या. घंटी वाजताच त्यांनी सिग्नल बंद करायला सांगितला. त्याने बंद केला. घंटी वाजतच राहिली, मध्येमध्ये दम खात.

बाईंनी मीटरवर बोट ठेवलं. "पंचवीस हर्ट्झ. ही टेलिफोनची रिंग आहे हो." मग टेपच्या कडेकडेने त्या फोनपर्यंत पोचल्या. "हा दिवा गेलेला दिसतोय. उचला की."

त्याने उचलला.

पलीकडे बायकोच होती. ती म्हणाली, "आज बरी आठवण झाली?"

"दिवा गेला होता."

"कुठला दिवा?"

त्याने सगळं सांगितलं. अर्धं तर वायरी एकमेकींच्या फार जवळ ठेवू नयेत, याबद्दलच होतं.

"म्हणजे मी इथून फोन करत होते आणि तिथे ती घंटी नापास होत होती."

"हो."

"चला, घंटीने तरी ओ दिली. आता ऐक, आमचा क्लार्क कागद घेऊन दारात उभाय. काय सांगू त्याला?"

त्याच वेळी बाहेर साहेबांना टेबलावरून दाराकडे गेलेली वायर दिसली. हा कुणाचा शहाणपणा, असं विचारत त्यांनी ती उपटली आणि लाइन परत टेबलावरच्या फोनला जोडली.

"परत ये," त्रिवार आत म्हणाला. रिसीव्हर मुका झाला होता. ते दोन शब्द पोचले की नाही हे मोजायला सगळ्या खोलीत एकही मीटर नव्हता.

तो दार ढकलून धावला, जिना उतरला, लॉकरमधून मोबाइल काढून तिला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. तिसऱ्यांदा लावायचंही त्याच्या जिवावर आलं. पाय ओढत तो वर आला.

टेबलाशी बाई बसल्या होत्या. तिथल्या फोनचा रिसीव्हर त्यांच्या हातात होता.

"लाइन तुटली नाही, तुमच्या मिसेस धरून आहेत," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं त्यांना, तुम्ही परत ये म्हणालात म्हणून. साक्षीदारच आहे ना मी. पण त्या म्हणतात, एका रीडिंगवर विश्वास ठेवायची त्यांच्या घरात पद्धत नाही."

त्याने रिसीव्हर घेतला. साहेब समोरच उभे होते, हातात ती लांब वायर.

"परत ये," तो म्हणाला.

"एक," ती म्हणाली.