बबलूच्या आईला बाऊ

श्रीकांतला कंपनीच्या कामाला बॉस्टनला जायचं होतं आणि त्याचा स्वतःचाच अडीच वर्षांचा मुलगा त्याच्या आड आला होता. निदान श्रीकांतचं तसं मत होतं. झालं होतं एवढंच, की साहेबांकडे, म्हणजे अप्पारावांकडे जेवायला गेले असताना बबलूने भर दिवाणखान्यात आईच्या पदराला हात घातला आणि ‘दुदू’ मागितलं. त्या वेळी नव्याने घेतलेल्या केबलवर कोणी बाई साबणाच्या फेसात अंघोळ करत होती आणि मंडळी सहकुटुंब ते शांतपणे बघत होती. बबलूने तोंड उघडल्यावर मात्र सगळ्यांना लाज वाटली. अप्पाराव काचेच्या पेटीतले मासे बघायला लागले, वैशाली मुलाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि श्रीकांतला घाम फुटला. ज्याला अमेरिकेला पाठवायचं त्याच्या घरात हा असला मागासपणा, या विचाराने बरकतपुऱ्यात घरी पोचेपर्यंत तो स्कूटरवर एक शब्द बोलला नाही.

घरी आल्यावर मात्र त्याने फर्मान काढलं. “उद्यापासून बंद.”

“उन्हाळा सरू दे, मग मी सोडवते,” वैशाली म्हणाली. “त्याचं आणि माझं आम्ही बघू.”

पण देशाने जगाला दारं उघडलेली असताना श्रीकांतला उन्हाळा सरायची वाट बघवेना. त्याने एसटीडी बूथवर जाऊन पुण्याला आईला फोन लावला. मागे रांग होती, म्हणून इतक्या हळू बोलला की आईला तो लाचेची बोलणी करतोय असं वाटलं. शेवटी तिने सांगितलं, कडुनिंबाचा पाला वाटून लावा, पोर पुन्हा तोंड लावायचं नाही. तसं केलं. बबलूने एक चाट घेतली, तोंड वाकडं केलं, थोडा विचार केला आणि निवांत पीत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने हट्ट धरला, की दुदू हवं आणि चटणीसकट हवं.

मग श्रीकांतने स्वतःचं डोकं चालवलं. त्याने कपाटातलं लाल औषध काढलं, दोन चिकटपट्ट्या काढल्या आणि बबलूला सांगितलं, आईला तिथे बाऊ झालाय, हात लावलास तर फार दुखेल. रोजच्या कटकटीला कंटाळून वैशालीने औषध लावून घेतलं, पट्ट्याही लावून घेतल्या आणि नवऱ्याशी बोलणं टाकलं. बबलूचे डोळे भरून आले. त्याने लांबूनच एक फुंकर घातली आणि कपातलं दूध मुकाट्याने प्यायला. आपल्यात केवढं डोकं आहे, हे श्रीकांतला त्या दिवशी नव्याने कळलं.

बबलूच्या मनाला मात्र ती गोष्ट फार लागली होती. त्याने इस्त्रीवाल्याला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं आणि खाली राहणाऱ्या तारामतीबाईंना तर स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं, की आईला इथे बाऊ आहे, लाल लाल आहे, पट्टी लावलीय. तारामतीबाई घाबरून वर आल्या. दूध अचानक तोडल्यामुळे वैशालीची छाती दगडासारखी झाली होती, अंगात कणकण होती आणि पदराखाली हात धरून ती पडून होती. असल्या माणसाला काय विचारायचं? त्या नुसत्याच गोधडी सारखी करून खाली आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, वरच्या बाईंना तिथं काय की झालंय.”

“तिथं म्हणजे कुठं?” नामदेवराव म्हणाले.

“तिथंच,” बाई म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या. नामदेवरावांना कळलं. ज्याच्यावर आपण सगळे पोसलो त्याचं नाव घ्यायची वेळ आली की शिकलेल्या माणसाला ‘तिथं’ एवढाच शब्द सुचतो, आणि त्या शब्दात कुठलाही भयंकर आजार आरामात मावतो.

नामदेवराव श्रीकांतच्याच कंपनीत हिशेबाला होते. कुकटपल्लीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये त्यांनी हळूच विचारलं, मिसेसचं कळलं, खरं आहे का. श्रीकांतला वाटलं, दूध पाजण्याचं यांना कळलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि घरातली गोष्ट आहे, कुणाला बोलू नका, म्हणून गयावया करायला लागला. आता शंकेला जागाच राहिली नाही. बस कुकटपल्लीला पोचली तोवर ती बातमी कंपनीभर व्हायची तयारी झाली होती.

शुक्रवारी अप्पारावांनी त्याला केबिनमध्ये बोलावून खांद्यावर हात ठेवला. “आधी घर बघा. बॉस्टन काय पळून चाललंय का? तुमच्या जागी अविनाशचं नाव फॅक्स केलंय मी. पैशापाण्याची परेशानी करू नका.”

श्रीकांतने तोंड उघडलं. माझी बायको पोराला अजून अंगावर पाजते, एवढं एक वाक्य बोलला असता तर त्याचं विमान वाचलं असतं. पण ते त्याच्या तोंडून निघेना. “थँक्यू सर,” म्हणून तो बाहेर आला.

रविवारी अप्पाराव बायकोला, पद्मावतीबाईंना घेऊन भेटायला आले. शहाळी होती, मोसंब्या होत्या, कुठल्याशा दर्ग्याचा धागा होता. मागोमाग तारामतीबाई आणि नामदेवरावही वर आले. पद्मावतीबाईंनी वैशालीचा हात घट्ट धरून धीर धरायला सांगितलं. आजकाल त्याच्यावर औषधं निघाली आहेत, असंही म्हणाल्या.

“कशावर?” वैशालीने विचारलं.

पुरुष पंख्याकडे बघायला लागले. मला काही झालेलं नाही, असं वैशाली म्हणाली तेव्हा सगळ्यांनी इतकी दुःखी मान हलवली की तिला एकदम सगळा उलगडा झाला. तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं. मग पाठ वळवून पट्ट्या काढल्या, ओल्या पदराने औषध पुसलं आणि हाक मारली, “बबलू, ये. बाऊ बरा झाला.”

बबलू धावत आला, पदराखाली शिरला आणि इतक्या दिवसांचं दूध चुटूचुटू आवाज करत प्यायला लागला. वैशालीला इतकं बरं वाटलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पद्मावतीबाई आधी बघत राहिल्या आणि मग पोट धरून हसल्या. “हे होय? ह्याच्यासाठी मी रोजा धरायची बाकी होते की. लेकरू पितंय तर लपवायचं कायला? आमचे साहेब शाळेच्या सुट्टीत घरी पळत यायचे, आईला अंगावर पाजायला लावायचे. सासूबाई मरेपर्यंत सांगायच्या.”

अप्पारावांनी इकडेतिकडे मासे शोधले. या घरात मासे नव्हते. मग ते घसा साफ करून श्रीकांतला म्हणाले, फॅक्स गेलेला आहे, आता काही करता येणार नाही.

बबलूचं पोट भरलं. तो खाली उतरला, आईने काढून ठेवलेली एक पट्टी त्याने उचलली आणि कोपऱ्यात बसलेल्या बापाकडे निरखून बघितलं. बाबाचा चेहरा दुखल्यासारखा दिसत होता. त्याने ती पट्टी नीट दाबून बापाच्या तोंडावर बसवली आणि मायेने फुंकर घातली.

पाहुणे जाईपर्यंत श्रीकांतने ती काढली नाही. तसंही त्याला बोलायला काही उरलं नव्हतं.