रजेवर लढलेली लढाई

एका सकाळचं काम आहे, असं सुनेनं जाहीर केलं तेव्हा घरातल्या कुणीच तिला अडवलं नाही. अडवलं असतं तर घरात शांतता राहिली असती.

काम होतं सासऱ्यांच्या लष्करी सेवापत्रकात दुरुस्ती करून घ्यायचं. सासरे ऐन उमेदीत एक युद्ध करून आले होते. पण त्या मोहिमेत ते होते अशी नोंदच त्यांच्या नावावर नव्हती, आणि नोंद नाही म्हणून मोहिमेचं पदकही नाही. माजी सैनिकांचा मेळावा असला की त्यांचे सोबती छातीवर पदकं लावून यायचे आणि सासरे भर उन्हात कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून बसायचे. हे बाकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सुनेच्या आलं. तिच्या सगळंच लक्षात यायचं. बाहेर पडताना गॅस बंद आहे का ते बघून, पुन्हा अर्ध्या जिन्यातून परत येऊन बघणारी बाई ती. तिची छकुली शिंकली की पहिल्या शिंकेला थर्मामीटर आणि दुसऱ्या शिंकेला डॉक्टर!

सासरे म्हणाले, जाऊ दे गं, कशाला जुनं उकरायचं. सुनेला तो विनय वाटला. पदवीपर्यंत शिकलेली होती, अर्ज लिहिणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. तिनं रेकॉर्ड ऑफिसला असा काही अर्ज ठोकला की महिन्याभरात सेवापत्रकाची प्रत घरपोच आली.

इथं तिनं एकच चूक केली. पाकीट जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर फोडलं आणि आतला मजकूर मोठ्यानं वाचला.

"मोहिमेच्या संपूर्ण काळात रजेवर. रजेचं कारण, पत्नीचं बाळंतपण."

टेबलावर चमचा पडल्याचा आवाज झाला. तो सासूबाईंचा होता.

ज्या बाळंतपणासाठी ही रजा होती, ते बाळ आता सुनेचा नवरा होऊन समोरच भात कालवत होतं. त्याच्या जन्माच्या वेळी सासूबाई दवाखान्यात एकट्या होत्या. सासऱ्यांचं पत्र आलं होतं, युद्ध पेटलंय, येता येत नाही. त्या एका पत्रावर सासूबाईंनी आयुष्यभर नवऱ्याला माफ केलं होतं. इतकंच नाही, तर येईल-जाईल त्याला अभिमानानं सांगितलं होतं की आमचे हे तोफेच्या तोंडी उभे होते म्हणून येऊ शकले नाहीत. आणि आता सरकारी शिक्क्यानिशी कळत होतं, की हे रजेवर होते. बाळंतपणाच्या. फक्त बाळंतपणाला तेवढे नव्हते.

"मग होता कुठं तुम्ही?" सासूबाईंनी विचारलं. अगदी हळू. त्या हळू बोलल्या की घरातलं मांजरसुद्धा कपाटावर चढायचं.

सासरे म्हणाले, युद्धावरच होतो. मग त्यांनी जी हकिकत सांगितली ती अशी : रजा घेऊन ते घरी यायलाच निघाले होते. वाटेत जंक्शनवर गाडी थांबवली, युद्ध सुरू झालं म्हणून रजेवरचे सगळे सैनिक खाली उतरवले आणि समोर जो ट्रक होता त्यात कोंबून आघाडीवर धाडले. तो ट्रक दुसऱ्याच पलटणीचा निघाला. तिथं यांचं नाव कुणी लिहून घेतलं नाही, आणि यांच्या स्वतःच्या पलटणीत हे रजेवर ते रजेवरच राहिले. पुढे युद्ध संपलं, रजाही संपली, आणि हे आपल्या पलटणीत परत हजर झाले.

सुनेला ही हकिकत पटली. सासूबाईंनी विचारलं, त्या पलटणीत तुम्ही नेमकं काय करत होता? सासऱ्यांनी पाणी मागितलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, पडेल ते काम. सुनेनं बघितलं, त्यांचे कान लाल झाले होते. सासूबाईंनीही ते बघितलं. त्या दिवसापासून त्यांनी सासऱ्यांशी बोलणं बंद केलं. दोघांत निरोप जायचे ते छकुलीमार्फत, आणि छकुलीला जेमतेम चार शब्द येत असल्यामुळे सासऱ्यांना चहाऐवजी एकदा बाहुली मिळाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सुनेची झोप उडाली. आपण एका म्हाताऱ्या माणसाच्या छातीवर पदक लावायला निघालो आणि त्याचा संसार मोडत आणला! आता मागे फिरणंही शक्य नव्हतं. दुरुस्ती झाली नाही तर 'रजेवर' हा शब्द कायमचा राहणार होता, कागदावर आणि सासूबाईंच्या मनातही.

तिनं त्या दुसऱ्या पलटणीच्या माजी सैनिक संघटनेचा नंबर मिळवला आणि स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला. छकुली कडेवर होती. छकुलीला कुठलंही बटण दिसलं की ते दाबायचंच असतं, तसं तिनं स्पीकरचं दाबलं, आणि संघटनेच्या चिटणीसांचा खणखणीत आवाज सबंध घरभर घुमला. "त्या नावाचा माणूस आमच्याकडे कधीच नव्हता, ताई. मी सगळ्यांना ओळखतो."

बाहेरच्या खोलीत सासूबाईंनी टीव्हीचा आवाज शांतपणे वाढवला.

सुनेनं हार मानली नाही. सासऱ्यांचा तरुणपणीचा फोटो तिनं चिटणीसांना पाठवला आणि पलटणीतल्या सगळ्यांना दाखवायची विनंती केली. दुसऱ्या दिवशी फोनवर निरोपांचा पाऊस पडला. अरे, हा तर पाहुणा! पाहुणा जिवंत आहे? पाहुण्याला माझा नमस्कार सांगा! उलगडा असा झाला, की आगंतुक आलेल्या या जवानाचं नाव विचारायला युद्धाच्या धामधुमीत कुणालाच वेळ झाला नव्हता. सगळे त्याला पाहुणा म्हणायचे. माणूस सगळ्यांना आठवत होता, नाव एकालाही माहीत नव्हतं.

रेकॉर्ड ऑफिसातल्या अधिकारीबाई कडक पण सरळ होत्या. पाहुणा नावावर पदक देता येत नाही, त्या म्हणाल्या. ज्याच्या हाताखाली यांनी काम केलं त्या माणसानं समक्ष येऊन यांना ओळखावं, मग बघू. चिटणीसांनी तसा माणूस शोधूनही काढला. त्याला सगळे उस्ताद म्हणत.

उस्ताद हा शब्द ऐकल्याबरोबर सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांना एकदम पदक नकोसं झालं. पदकात काय असतं, गुडघे दुखतात, ऑफिसचे जिने फार उंच आहेत. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्यांची गत झाली. यावर सासूबाई पहिल्यांदाच, पण सुनेकडे बघत, बोलल्या. "जायचं. मीही येणार आहे. मला बघायचंय हे कुठल्या पाहुणचाराला गेले होते ते."

ठरल्या दिवशी सगळं लटांबर ऑफिसात पोचलं. लांबलचक खोली, भिंतीला लागून लोखंडी कपाटं, वर घरघरणारा पंखा. सुनेच्या पिशवीत अर्जाच्या प्रती, छकुलीचे जादा कपडे, थर्मामीटर आणि सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. उस्ताद एका खुर्चीत ताठ बसले होते. आवाज पहाडी, डोळे मात्र मोतीबिंदूनं पार गेलेले.

सुनेनं त्या डोळ्यांकडे दोनदा निरखून बघितलं. ज्याला दिसत नाही तो ओळखणार कसा? अधिकारीबाईंनाही तोच प्रश्न पडला.

"चेहरा तेव्हा तरी कुठं दिसत होता, बाई?" उस्ताद म्हणाले. "दिवा लावला की वरून तोफगोळा यायचा. सगळं काम अंधारात. मी भटारखान्याचा मुख्य आचारी. पाहुणा माझा मदतनीस. मी त्याला आवाजावरून ओळखतो."

"बोला हो," अधिकारीबाई सासऱ्यांना म्हणाल्या.

"तो आवाज नाही," उस्ताद म्हणाले. "बटाटा सोलायचा आवाज."

भटारखाना, आचारी, मदतनीस, बटाटा. एकेक शब्द सासूबाईंच्या चेहऱ्यावर जाऊन आदळताना सुनेनं बघितला. कारण या घरात सासऱ्यांनी लग्नापासून आजतागायत चहाचं आधणसुद्धा ठेवलेलं नव्हतं. मला त्यातलं काही कळत नाही बुवा, मी आपला शिपाईगडी, असं म्हणून ते टेबलाखाली पाय पसरून बसायचे, आणि सासूबाई तापानं फणफणल्या असल्या तरी उठून कुकर लावायच्या.

अधिकारीबाईंनी शेजारच्या कॅन्टीनमधून बटाटे आणि सुरी मागवली. अशी साक्ष नियमात बसते का, म्हणून त्यांचा कारकून पुस्तक चाळायला लागला. त्याला काही सापडलं नाही, पण बसत नाही असंही कुठं लिहिलेलं नव्हतं.

सासऱ्यांनी सुरी उचलली ती साप उचलावा तशी. एकदा बायकोकडे बघितलं, एकदा बटाट्याकडे. मग खस्, थांब, खस्, थांब, असे त्यांनी बटाट्याचे लचके तोडले. सालीबरोबर अर्धा बटाटा टेबलावर पडला. सून समजून चुकली. पदक हवं तर स्वयंपाकघर पत्करावं लागणार होतं, म्हणून हा माणूस मुद्दाम नापास होत होता.

उस्तादांनी कान टवकारून ऐकलं आणि खेदानं मान हलवली. "नाही. हा पाहुणा नव्हे."

सासूबाई उठल्या. पदरानं डोळेसुद्धा पुसले नाहीत. फक्त पर्स उचलली आणि सुनेला म्हणाल्या, "चल. मला जे कळायचं होतं ते कळलं."

त्या दारापर्यंत पोचल्या असतील. मागून आवाज आला. एक लांब, मऊ, न तुटणारा आवाज, रेशीम फाडत जावं तसा. सगळ्यांनी वळून बघितलं. सासरे डोळे मिटून बटाटा सोलत होते. साल अखंड खाली उतरत उतरत त्यांच्या गुडघ्यापर्यंत आली होती. दुसरा बटाटा. तिसरा. कारकुनानं पुस्तक मिटून ठेवलं.

"पाहुण्या," उस्ताद खुर्चीतून उठून हात पुढे करत म्हणाले. "लेका, जिवंत आहेस होय रे?"

पुढचं सगळं त्यांनीच सांगितलं. सव्वाशे माणसांचं जेवण हा माझ्याबरोबर रांधायचा आणि पाठीवर पातेलं बांधून एकटा डोंगरावरच्या चौक्यांना पोचवायचा. गोळे पडत असायचे. माणसं म्हणायची, आज काही जेवण येत नाही, आणि हा यायचा. एकदा गोळा जवळ फुटला, हा पातेल्यासकट घरंगळला, पण वरण सांडू दिलं नाही. वर पोचल्यावर फक्त एवढंच विचारायचा, घरून काही पत्र आलंय का हो, माझी बायको बाळंत व्हायचीय.

सासूबाई दारातून परत आल्या आणि सासऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. टेबलावरची साल तेवढी त्यांनी हातानं गोळा केली.

दुरुस्ती झाली. 'रजेवर' हा शब्द खोडला गेला, त्यापुढे 'रजा रद्द, अन्य पलटणीत मोहिमेवर हजर' असं शिक्क्यासह आलं, आणि पाठोपाठ पदकही आलं. सासूबाईंनी ते स्वतःच्या हातानं सासऱ्यांच्या कोटावर लावलं, जरा मागं सरून बघितलं, पुन्हा सरळ केलं. सून कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत होती.

"रजा रद्द झालीये ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग व्हा हजर." आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं.

सासरे पदक लावून आत गेले. तासाभरानं टेबलावर जेवण आलं. असा वास त्या घरात यापूर्वी कधी सुटला नव्हता. छकुलीनं, जिच्यामागे घास घेऊन सून घरभर फिरायची, आपणहून दुसऱ्यांदा वाटी पुढं केली. नवरा तोंड भरून म्हणाला, बाबा, हे तर आईपेक्षाही... आणि सुनेनं टेबलाखालून लाथ मारली म्हणून थांबला.

पण सासूबाईंनी पहिला घास घेतला होता. तो त्यांनी सावकाश चावला, गिळला, आणि चमचा ताटात ठेवून नवऱ्याकडे बघितलं.

"इतकी वर्षं," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मांजर कपाटावर चढलं. त्या दिवसापासून सासूबाईंनी पुन्हा बोलणं बंद केलंय. यातली दुरुस्ती कुठल्या ऑफिसात करून मिळते याची सून चौकशी करते आहे. पण या वेळी, तिनं मनाशी ठरवलंय, एका सकाळचं काम आहे असं कुणापाशी म्हणायचं नाही.