वाइलोतोचा देखणा पूल

डोळे जन्मतः मिळतात. बघायला मात्र पाच दिवसांचं प्रशिक्षण लागतं. आमच्या वाइलोतो गावाला हे उशिरा कळलं. तोवर आम्ही खाडीवरचा मोडका पूल नुसताच मोडका समजत होतो.

हा लाकडी पूल तीन वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात मधोमध तुटला. पलीकडे दवाखाना आहे. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून जाता येतं, भरतीला कमरेएवढ्या. ग्रामसमितीचा सचिव या नात्यानं मी सरकारच्या बांधकाम खात्याला एकोणीस अर्ज पाठवले. उत्तरं एकोणीसच्या एकोणीस आली (एवढी तत्परता सामोआत इतरत्र आढळत नाही) आणि प्रत्येकात ‘नोंद घेतली’ असं होतं. विसाव्याला वेगळं उत्तर आलं: यापुढे गाऱ्हाणी फक्त चित्रफितीच्या स्वरूपात स्वीकारली जातील, चित्रीकरणाचं प्राथमिक शिक्षण खातं देईल.

शिकवायला ऑकलंडहून डूगल आला. पोरगा गुणी. पहिल्या दिवशी त्यानं चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडायला शिकवलं. महत्त्वाची गोष्ट मधोमध ठेवायची नाही, कडेच्या रेघेवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी उजेड. दुपारचं ऊन वाईट, मावळतीचं उत्तम. (आमच्या बऱ्याच अडचणी दुपारच्या होत्या, त्या संध्याकाळवर ढकलल्या.) तिसऱ्या दिवशी मुख्य सूत्र आलं: सांगायचं नाही, दाखवायचं.

इथे नर्स मोएलागी उठली. निम्मं गाव तिच्या हातून जगात आलंय, त्यामुळे ती कुणाशीही कशीही बोलते.

“मी समोर उभी राहून दोन वाक्यं बोलते,” ती म्हणाली. “पूल नाही. बायका कळा सोसत पाण्यातून जातात. संपलं तुमचं पिक्चर.”

“सांगू नका मावशी, दाखवा,” डूगल म्हणाला.

“दाखवू कशी? बाळंतीण काय मावळतीच्या वेळेला हजर ठेवू?”

“तसं जमलं तर फारच छान,” डूगल अगदी मनापासून म्हणाला.

तसं जमलं नाही. म्हणून गावप्रमुख तुइमालो (वय एकाहत्तर) यांना पाण्यात उतरवलं. अकरा वेळा.

“सुंदर, आजोबा! आणखी एकदा. फक्त जरा दुःखी.”

“अरे, दुःखीच आहे मी!”

“आहात हो, पण डाव्या बाजूनं दिसत नाही.”

अकराव्या खेपेला त्यांचा पाय सटकला आणि गुडघा फुटला. डूगलच्या डोळ्यांत पाणी आलं. तीच खेप ठेवली.

चित्रफीत तीन मिनिटांची झाली. आकाश दोन मिनिटं दहा सेकंद, पाण्यातली प्रतिबिंबं तीस, एक डुक्कर बारा (ते आपणहून आलं, पण त्यानं दृश्याला खोली येते असं ठरलं), तुइमालो आठ. पूल अखंड उजव्या रेघेवर. चर्चच्या सभागृहात चादर बांधून आम्ही ती पाहिली आणि गाव रडलं. “एवढ्या सुंदर ठिकाणी राहतो आपण,” बांधलेला पाय पुढे पसरून तुइमालो म्हणाले, “आणि इतक्या वर्षांत कुणी बोललं नाही!”

“दवाखाना कुठाय ह्यात?” मोएलागीनं विचारलं.

तो काढला होता. त्याचा पत्रा चमकत होता.

खात्याकडे आलेल्या सगळ्या चित्रफितींत आमचा पहिला नंबर आला. दोन महिन्यांनी साहेब स्वतः आले आणि छातीवर हात ठेवून काठावर बराच वेळ उभे राहिले. मग आदेश निघाला: ‘सदर तुटका पूल आहे त्या स्थितीत जतन करण्यात यावा. दोन्ही बाजूंस दोनशे मीटरपर्यंत नवीन बांधकाम केल्यास दृश्यास बाधा पोहोचेल.’ गावाला एकदम महत्त्व आलं. रोज संध्याकाळी माणसं पूल बघायला जमू लागली.

गेल्या महिन्यात फिआसिलीला मावळतीच्या सुमारास कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, नवरा मासेमारीला गेलेला. भरती होती. मोएलागीनं तिच्या काखेत हात घालून तिला पाण्यात उतरवलं. अर्ध्या वाटेत फिआसिलीचे पाय गळाले. काठावर आम्ही सतरा माणसं होतो.

“बघत काय राहिलात?” मोएलागी ओरडली. “धरा रे! आडवं धरा!”

सतराच्या सतरा जणांनी तत्काळ आपापले फोन आडवे धरले. (उभं चित्रीकरण वाईट, हे डूगलनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.)

सर्वांत चांगलं चित्रीकरण माझं झालं, हे नम्रपणे नमूद करतो. दोघी नेमक्या डाव्या रेघेवर, क्षितिज सरळ, केसांमागून किरण. हात एकदाही हलला नाही, असं डूगलनं मुद्दाम कळवलं. खातं आता ते दृश्य दुसऱ्या पातळीच्या प्रशिक्षणात दाखवतं. मी थोडं खाली वाकायला हवं होतं, असं एका परीक्षकाचं मत पडलं. मला ते पटतं. पण मग माझी लुंगी भिजली असती.

फिआसिली पलीकडे पोचली. मोएलागीनं तिला एकटीनं ओढत नेलं. दवाखान्याच्या पायरीवरच मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मोएलागी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. हे सगळं न विचारताच सांगावं लागतंय. खात्यानं विचारलं नाही, परीक्षकांनी विचारलं नाही, आणि तुम्हीही फोन आडवे झाले तिथे हसलात आणि सरळ पुढे वाचत आलात.