चंद्रीमार्फत

आमचे घरमालक नाना रोज सकाळी म्हशीला बातम्या सांगत.

धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात मी शिक्षक म्हणून गेलो आणि नानांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच सकाळी तोंडात ब्रश घेऊन गॅलरीत आलो, तर खाली अंगणात हा सत्तरीचा गृहस्थ टोपी नीट करून म्हशीसमोर उभा. "चंद्री, ध्यान दे. ह्या हप्ताले लाईट दिवसनी शे. मोटर सकायलेच चालू करनी."

चंद्रीने कान हलवला. मग तिला ग्रामसभेची वेळ कळली, सोसायटीत युरिया आल्याचं कळलं, आणि कोणाच्या तरी सुनेला मुलगा झाल्याचंही. शेवटी कुठूनतरी सायकलची घंटी वाजली आणि नाना चहा प्यायला आत गेले. मी हसता हसता टूथपेस्ट गिळली.

नानांची बायको वारलेली, मुलगा सुरतला. एकटा माणूस, त्यात स्वभावाने बोलका, म्हशीशी नाही तर कोणाशी बोलणार, अशी मी माझी समजूत करून घेतली. स्टाफरूममध्ये मात्र मी नानांची नक्कल करून भरपूर हशा मिळवायचो. तेव्हा ते मला फार विनोदी वाटत होतं.

त्यांचा दुसरा छंद म्हणजे माणसाची व्याख्या. संध्याकाळी चहाच्या टपरीवर ते मला गाठत. "सर, तुमी शिकेल शेतस. सांगा, मानूस म्हंजे काय?"

मी पुस्तकातलं सांगितलं. माणूस हा विचार करणारा प्राणी आहे.

"इचार तं चंद्री बी करस. रवंथ करतांना आखो काय करस ती?"

मग ते स्वतःच उत्तर काढत. माणूस हा एकटाच प्राणी, जो मिरचीनं डोळ्यांतून पाणी आल्यावर आणखी एक मिरची मागतो. हे सांगताना त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत भज्यांसोबतच्या मिरचीचं पाणी असायचं. दुसऱ्या आठवड्यात सुधारित व्याख्या: माणूस हा एकटाच प्राणी, जो फोटो काढताना पोट आत घेतो. टपरीवाल्याने विचारलं की मग फोटो न काढणाऱ्याचं काय. नानांनी दोन दिवस विचार केला आणि व्याख्या रद्द केली.

एकदा मात्र ते काही न विचारताच म्हणाले, "काल चंद्रीनी बैलले शिंग मारं. आज दोन्ही एकच गव्हानमा तोंड घालीसन खाई ऱ्हायनात. अबोला फक्त मानूस धरस, सर." आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठून गेले.

मी टपरीवाल्याकडे पाहिलं. "तुम्हाले माहीत नही?" तो म्हणाला. "भिंतना पलीकडे आप्पा ऱ्हातस ना, ते नानाना सख्खा भाऊ."

मग सगळं कळलं. अकरा वर्षांपूर्वी आप्पांच्या मुलीचं, सुमीचं लग्न ठरलं. या सुमीला नानांनी लहानपणी खांद्यावर बसवून शाळेत नेलेलं. पत्रिका छापून आली तर निमंत्रकांमध्ये नानांचं नाव नाही. आप्पांनी चष्म्याशिवायच कच्ची प्रत वाचून छापायला सांगितलं होतं. आप्पा दाराशी येऊन हात जोडून उभे राहिले. नानांनी दार उघडलं नाही. लग्नाच्या दिवशी बँड याच दारावरून गेला, तेव्हाही उघडलं नाही. तेव्हापासून दोघे भाऊ, एक भिंत, आणि एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कान देऊन ऐकलं. "चंद्री, युरिया उना शे." पलीकडून उत्तर आलं, "सायकल, युरिया कालच सरी गया." आप्पांकडे जनावर नव्हतं, म्हणून ते सायकलशी बोलत. बातमी पोहोचली की घंटी वाजवत. अकरा वर्षं या दोघांचा संसार एका म्हशीने आणि एका सायकलीने सांभाळला होता. त्या दिवसापासून मी नक्कल करणं बंद केलं.

धीर करून एकदा म्हटलंही, "नाना, सरळ बोलून टाका की."

"बोलसू. पन पहिले त्यानी बोलाले पाहिजे. तो धाकला शे." मग हळूच म्हणाले, "आनि बोलू काय? दार तं मीच लावं व्हतं."

गेल्या थंडीतली गोष्ट. नाना नेहमीसारखे उभे राहिले. "चंद्री, लाईट उनी." घंटी नाही. त्यांनी आवाज चढवून पुन्हा सांगितलं. पलीकडे काहीच नाही. तिसऱ्यांदा त्यांनी चंद्रीकडे पाहिलंच नाही. भिंतीकडे तोंड करून आप्पांना नावाने हाक मारली, "सुकदेव!" आणि अनवाणीच धावत सुटले.

आप्पा सायकलजवळ पडलेले होते. मी गाडी मिळवली, धुळ्याला नेलं. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. अकरा वर्षांत ज्याने पहिल्यांदा बोलावं म्हणून नाना थांबले होते, तो आता बोलूच शकणार नव्हता. दवाखान्याच्या बाकावर नाना मला म्हणाले, "चंद्री बी इतली येडी नही, सर." फार वाईट वाटलं.

आप्पा घरी आले, तेव्हा सुमी सासरहून आली. दुसऱ्या दिवशी नानांनी चंद्रीला सोडलं, गल्लीतून फिरवून आप्पांच्या अंगणात नेऊन बांधलं. मी औषधं द्यायला गेलो होतो. आप्पा भिंतीला लागून खाटेवर, उशाशी सायकल. नाना समोर बसले. हवापाणी झालं, कापूस झाला. मग बोलणं संपलं. नानांनी टोपी काढून हातात घेतली. सुमी चहा घेऊन दारात थांबली.

शेवटी नाना उठले आणि म्हशीसमोर जाऊन उभे राहिले.

"चंद्री," त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "याले सांग. बँड गया तवय मी दारना मांगेच उभा व्हतू. चूक मन्हीच व्हती. सुमीले बी सांग."

आप्पांच्या तोंडून नुसता घोगरा आवाज निघाला. त्यांनी डावा हात उचलला, तो खाली पडला, पुन्हा उचलला. बोटं चाचपडत सायकलच्या हँडलवर गेली.

घंटी वाजली.

नानांनी वळून पाहिलं नाही. चंद्रीचा आधीच घट्ट असलेला दोर सोडून ते पुन्हा बांधायला लागले.