फाटकवाल्यांचा डिफेन्स

साहेब, त्या माणसाची नोकरी तुम्ही खाल्लीत. त्याच्या मेव्हण्याने नाही, कोचने नाही, नशिबाने तर मुळीच नाही. तुम्ही. वरच्या मजल्यावर, काचेच्या केबिनमध्ये बसून, चहा थंड व्हायच्या आत. आणि ते इतकं सहज केलंत की तुम्हाला आठवतही नसेल. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगणं भाग आहे.

तुमच्या बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये एक पत्रा ठोकणारा होता. चेपलेला पत्रा तो आतून हातोडीने असा उठवायचा की आपल्याला कुठे लागलं होतं ते त्या बसलाही आठवू नये. पण डेपोने त्याला ठेवलं होतं ते हातोडीसाठी नव्हे, बास्केटबॉलसाठी. बायकोचा धाकटा भाऊ त्याच संघात होता, तो त्याला दाजी म्हणायचा. मग सगळा संघ दाजी म्हणू लागला, मग वर्कशॉप, आणि शेवटी समोरच्या संघातली पोरंही "दाजींना धरा रे" असं ओरडू लागली.

दाजी खेळाडू म्हणून तात्पुरता होता. नियम तुमचाच: तात्पुरत्या खेळाडूने हंगामात दीडशे गुण केले तर कायम, नाही तर नारळ. नोकरी गेली की डेपोमागच्या दोन खोल्याही गेल्या. त्या खोल्यांत दाजीचे वडील होते. एक अंग लुळं पडलेलं. दाजीने भंगारातल्या बसचा दांडा आणून, उभ्या प्रवाशांना धरायला असतो तो, पलंगापासून संडासापर्यंत भिंतीला बसवला होता. त्याला धरून म्हातारा एकटा जायचा आणि एकटा यायचा. त्या वयात माणसाला तेवढाच मान उरतो, आणि इथे तो बोल्टांनी भिंतीला आवळलेला होता.

मागच्या हंगामात दाजीने दीडशेच्या पुढे मजल मारली होती, पण तेव्हा नियम नव्हता. संघ मात्र आपटला. ह्यांनी ऐंशी करावेत, समोरच्याने नव्वद. वार्षिक समारंभात तुम्ही माईक हातात घेतलात आणि म्हणालात, "आपल्या रिंगखाली धर्मशाळा उघडली आहे का? कुणीही यावं, टाकून जावं! आपल्याकडे दार कोण सांभाळतं?"

"सुरक्षा अधिकारी, सर," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग त्यांनाच कोच नेमा."

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. आठवड्याच्या आत जुना कोच टायरच्या गोदामात गेला आणि डेपोच्या फाटकावर उभं आयुष्य काढलेला माणूस मैदानावर आला. त्याला सगळे फाटकवाले म्हणत. बॉलला त्यांचा हात लागला होता तो फक्त जप्त करताना.

पहिल्या दिवशी संघ रांगेत उभा राहिला.

"साहेब, बॉल कुठाय?" दाजीने फाटकवाल्यांना विचारलं.

"कपाटात. कुलूप घातलंय."

"मग खेळायचं कशाने?"

"खेळायचं नाही. अडवायचं. बॉल दिसला की माणसाची नियत फिरते."

दोन महिने कुणाला बॉल दिसला नाही. वर्कशॉपात बसखाली उतरायचे खड्डे असतात, त्यांच्या काठाकाठाने सगळ्यांना खेकड्यासारखं आडवं चालायला लावलं. पाय चुकला तर माणूस खाली, जुन्या ऑइलात. शिट्टी वाजली किंवा "हात!" अशी आरोळी आली की हात वर गेलाच पाहिजे.

"हात वर न्यायला तुम्ही डोक्याची परवानगी मागता," फाटकवाले म्हणायचे. "ती मिळेपर्यंत समोरच्याचं काम झालेलं असतं. डोकं लॉकरमध्ये ठेवून येत जा."

दाजीचा मेव्हणा अंगाने आडवा, स्वभावाने गरीब आणि आज्ञाधारक. त्याने डोकं लॉकरमध्ये ठेवलं आणि चावी हरवली.

इथे तुम्हाला वाटेल की फाटकवाल्यांची टर उडवायची आहे. तसं नाही. सांगताना दात खावेसे वाटतात, पण त्यांचं तंत्र जमलं. समोरचे संघ यायचे, इकडून बघायचे, तिकडून बघायचे, आणि सरकारी कचेरीतून काम न होता परतलेल्या माणसासारखे खांदे पाडून मागे फिरायचे. दोन्हीकडे तीसच्या आतले गुण, कंटाळून उठून गेलेले प्रेक्षक, आणि दर वेळी विजय आपला. तुम्ही वरून अभिनंदन पाठवलंत.

फक्त दाजीचे गुण आटले. बॉल हातात आला तरी हुकूम एकच: सांभाळा. समोरच्याने धक्का मारला की फ्री थ्रो मिळायचे, त्यांवर एकेक गुण जमायचा तेवढाच. त्याने दोनदा न विचारता शॉट मारला. एक गेला, एक हुकला, आणि दोन्ही वेळा फाटकवाल्यांनी त्याला बाकावर बसवलं. शेवटी तो त्यांच्याकडे गेला.

"साहेब, मला गुण लागतात."

"संघ जिंकतोय ना?"

"संघ जिंकतोय. मी हरतोय."

फाटकवाल्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली. माणूस वाईट नव्हता. "हे बघ," ते म्हणाले, "आत गेलेल्या माणसाने काय काम केलं, हे मी जन्मात कधी विचारलं नाही. जो आत गेला नाही, तो माझा हिशेब. मला दुसरं येतच नाही रे. नेमलं, म्हणून आलो."

मग दाजी कल्याण अधिकारी बाईंकडे गेला.

"मॅडम, मी समोरच्यांच्या किती बास्केट अडवल्या, ते धरता येईल का?"

"न झालेली बास्केट धरायची कशी हो?"

"झाली असती तर धरली असती ना?"

"धरली असती. पण त्यांची. तुमची नाही." बाईंनी चष्मा काढून पुसला. "माझ्यावर डोळे काढू नका. नियम वरून आलाय."

"आणि कोच?"

"तोही वरूनच."

तिकडे मेव्हण्याचं वेगळंच सुरू झालं होतं. फोरमनने एका मेकॅनिककडे पाना फेकला, मधे उभ्या असलेल्या मेव्हण्याचा हात वर गेला आणि पाना नुकत्याच बसवलेल्या पुढच्या काचेतून बसच्या आत. घरी ताई, म्हणजे दाजीची बायको, फळीवर बरणी ठेवत होती. तिचा हात उंच गेला, भावाचा त्याहून उंच गेला, आणि बरणीचा चुरा झाला.

"मेल्या, घरात तरी माणसासारखा वाग!"

"ताई, शपथ, मी नाही केलं. हाताने केलं."

"मग हात काढून ठेव बाहेर चपलांपाशी!"

दाजी हसला. त्या महिन्यात हसला तो तेवढाच.

अंतिम सामना आला तेव्हा दाजीला बारा गुण कमी पडत होते. बारा म्हणजे सहा बास्केट. एरवी त्याने त्या सामना तापायच्या आधीच केल्या असत्या. आता ते कित्येक सामन्यांचं पीक होतं. मेव्हण्याने सगळ्या संघाला कपडे बदलायच्या खोलीत कोंडलं.

"आज प्रत्येक बॉल दाजींना. फाटकवाले बोंबलू देत."

"आणि आपल्यालाही बाकावर बसवलं तर?" एकाने विचारलं.

"पाचही जणांना बसवून खेळवणार कुणाला? स्वतः उतरणार आहेत का चड्डीत?"

पोरं तयार झाली. निघताना ताईने भावाला दारात गाठून बजावलं होतं, "त्यांना बॉल दे आणि बाजूला हो. हुशारी करू नकोस."

त्याने ते अक्षरशः पाळलं. बॉल अडवायचा, दाजीला द्यायचा, बाजूला व्हायचं. एक गेली. दुसरी गेली. फाटकवाले काठावरून ओरडत होते, "सांभाळा! अरे, सांभाळा!" तिसरी, चौथी. त्यांचा आवाज बसला. पाचवी गेली तेव्हा प्रेक्षकांत लोक एकमेकांना विचारू लागले की हा कोण आणि हा इतके दिवस कुठे होता. इकडे होता, साहेब. आडवा चालत होता.

एक बास्केट उरली आणि वेळ अर्ध्या मिनिटाचा. संघ इतका पुढे होता की समोरच्यांनी आशा सोडली होती. त्यांचा एकजण खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. मेव्हण्याने बॉल दाजीला दिला आणि सांगितल्याप्रमाणे बाजूला झाला. रिंगखाली जाऊन उभा राहिला. दाजीच्या समोर कुणी नाही. त्याने घाई केली नाही. गुडघे वाकवले आणि उडी घेतली.

फाटकवाल्यांना लांबून फक्त रिंगकडे जाणारा बॉल दिसला. कुणाचा, हे बघायची त्यांना सवय नव्हती. घशात उरलासुरला जो आवाज होता तो सगळा काढून ते ओरडले, "हात!"

मेव्हण्याचा हात वर गेला.

असा ब्लॉक त्या मैदानाने पाहिला नव्हता. बॉल तिसऱ्या रांगेत जाऊन एका गृहस्थाच्या मांडीवर बसला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. मग हंगामभर उपाशी ठेवलेले प्रेक्षक उठून उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दाजी खाली उतरला होता, पण हात अजून वरच होते. मेव्हणा स्वतःच्या तळव्याकडे, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत होता.

"दाजी... दाजी, मी..."

नियमाप्रमाणे बॉल समोरच्यांना मिळाला. हरलेल्या माणसांना आता कसली घाई? त्यांनी तो हातात धरून ठेवला. वेळ संपला. आपण जिंकलो.

तुम्ही खाली आलात. करंडक दिलात. "असा ब्लॉक मी जन्मात पाहिला नाही," असं माईकवरून म्हणालात. शॉट कुणाचा होता हे तुम्ही विचारलं नाहीत आणि सांगायची कुणाची छाती झाली नाही. अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून तुम्ही मेव्हण्याला तिथल्या तिथे कायम केलंत. तोही तात्पुरताच होता. त्याने पत्र घेतलं तेव्हा रडत होता, आणि तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालात, "भावना अनावर झाल्या!" झाल्याच होत्या.

घरी त्याने ते पत्र ताईपुढे ठेवलं आणि दाराशीच उभा राहिला.

"ताई, उद्या परत करून येतो."

"परत करून काय होईल?" ताईने त्याच्याकडे बघितलं नाही. "तुझी जाईल. ह्यांची येणार नाही. घरात एकाची तरी राहू दे."

"दाजी, तुम्ही मला मारा तरी."

"ये, बस," दाजी म्हणाला. "चांगला होता ब्लॉक. मनगट सरळ होतं."

आतून वडिलांचा आवाज आला, "काय झालं रे?"

"जिंकलो, बाबा."

"मग कायम झालास तर!"

दाजी वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागला. शेवटी मेव्हणाच म्हणाला, "झाला, काका. एकजण झाला."

दुसऱ्या दिवशी दाजी तुमच्या केबिनबाहेर दुपारपर्यंत बसला. शिपायाने सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मीटिंग कशाची होती तेही कळलं: पुढच्या हंगामापासून अडवलेल्या बास्केटही धरायच्या, असं तुम्ही ठरवत होतात. टाळ्या वाजल्याचं शिपायाने बाहेर ऐकलं. दाजीला दोन खोल्या सोमवारी रिकाम्या करायच्या आहेत.

तेव्हा आता एवढंच, साहेब. गुण करणाऱ्यालाच ठेवायचं, हा नियम तुमचा. गुण करू न देणारा कोच, तोही तुमचा. दोन्ही हुकूम एकाच आठवड्यात तुमच्या टेबलावर आले आणि दोन्हींवर सही तुमची आहे. वाचून केलीत, की न वाचता? दोन्हींपैकी एकच खरं असणार. कुठलं, ते सोमवारच्या आत त्या माणसासमोर उभं राहून सांगा. आणि मीटिंगमध्ये आहे, हे उत्तर नव्हे.