कोनाची चूक नाय

टीव्ही दुरुस्त करून झाला की इनासकाका घरातल्या सगळ्यांना त्याच्यासमोर रांगेत उभं करतात आणि एका सुरात म्हणायला लावतात, "दाब वाढला. कोनाची चूक नाय." एकानेही तोंड मिटून घेतलं तर टीव्ही सुरू होत नाही, कारण प्लग काकांच्या हातात असतो. दाब म्हणजे व्होल्टेज. तो इंग्रजी शब्द काकांना चांगला ठाऊक आहे, पण "व्होल्टेजला कोन घाबरत नाय, दाबाला घाबरतात," असं त्यांचं म्हणणं.

सांडोर गावात त्यांच्या केळीच्या वाडीला लागून आमची इमारत आहे. काका सत्तरी ओलांडलेले, अंगाने काटक. लोक खिशात पेन ठेवतात तिथे यांचा मीटर. कुणाकडेही गेले की आधी त्याच्या दोन तारा भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालणार, आकडा बघणार आणि मगच टेकणार. "दोनशे बावीस. बसायला हरकत नाय." एका साखरपुड्यात आकडा जास्त आला म्हणून त्यांनी यजमानांचा फ्रिज बंद करायला लावला. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी आइस्क्रीम प्यायलं. यजमान अजून त्यांच्याशी तुटक बोलतात.

मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. गेल्या हिवाळ्यात ती बंद झाली.

आमच्या गल्लीत लग्न होतं. मांडवाची रोषणाई जोडताना वायरमनच्या हातून खांबावरची न्यूट्रलची तार निसटली आणि भर दुपारी घराघरांत जवळजवळ दुप्पट दाब घुसला. नेमका त्याच क्षणी माझ्या आईने टीव्ही लावला होता. फट् आवाज झाला, जळका वास आला आणि टीव्ही काळा पडला. आईला बिचारीला दाबबिब काय माहीत! मी आतून धावत आलो आणि ओरडलो, "आई, कशाला हात लावलास? येत नाही तर नसता उद्योग कशाला?"

बाबा गेल्यावर आई गावचं घर बंद करून आमच्याकडे आली होती. दिवसभर तिला सोबत ती टीव्हीचीच. त्यानंतर तिने घरातल्या कुठल्याच बटणाला हात लावला नाही. अंधार पडला तरी दिवा न लावता बसून राहायची. मला ते दिसत होतं आणि कळतही होतं, पण "चुकलो" म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

काकांनी गल्लीतले टीव्ही एकेक करून हाती घेतले. चौथ्या दिवशी आमचा नंबर लागला. मागचं झाकण उघडून त्यांनी बटणाएवढी एक निळी चकती काढली. ती करपून फुटली होती.

"हा बघ. दाब वाढला की हा आधी मरतो, फ्यूज उडवतो आनि बाकीच्यांना वाचवतो." त्यांनी ती रुमालात बांधली. अशा मेलेल्या चकत्या ते लोणच्याच्या बरणीत जपून ठेवतात, हेही मला तोवर विनोदीच वाटायचं.

नवी चकती बसली, फ्यूज बदलला, मीटरने दोनशे अठ्ठावीस दाखवले. आम्ही रांगेत उभे राहिलो. मी वाक्य म्हटलं. आई गप्प.

"बाय, म्हना."

"माझ्याच हातून गेला हो," आई म्हणाली.

काकांनी प्लग खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "हिच्यावर कोन ओरडला?"

मी हात वर केला.

"मग तू एकटा म्हन. तिच्याकडं बघून."

पन्नाशीचा मी, शाळेतल्या पोरासारखा आईसमोर उभा राहिलो. "दाब वाढला, आई. तुझी चूक नाही. ओरडलो ती माझी चूक." आईने पदर डोळ्यांना लावला. टीव्ही सुरू झाला. बघण्याच्या मनःस्थितीत मात्र कुणीच नव्हतं.

चहा घेताना आईने सहज विचारलं, "तुमच्या घरचा टीव्ही वाचला ना?"

"माझा सहा वर्सांपूर्वीच गेला," काका म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं.

काकांच्या बायकोच्या, म्हणजे फिलूकाकींच्या भावाने जहाजावरून आणलेला तो टीव्ही एकशे दहा व्होल्टचा होता. आपल्याकडे तो चालवायचा तर मध्ये दाब कमी करणारा खोका जोडावा लागे. एका गिऱ्हाइकाच्या कामासाठी काकांनी तो खोका काढून नेला आणि घरी सांगायचं विसरले. संध्याकाळी काकींनी नेहमीप्रमाणे प्लग लावला. टीव्ही गेला. काका आले आणि काकींवरच ओरडले, "खोका नाय, ते दिसलं नाय तुला?"

"दोन वर्सं ती मला सांगत राहिली, 'मीच जाळला.' पावन्यांना पन तेच सांगायची. खोका मी नेलेला, ते मी बोललो नाय. आज बोलू, उद्या बोलू. मग ती गेलीच."

"आणि टीव्ही?" मी विचारलं.

"उघडला नाय कदी."

आई उठली. पायात चपला घालत म्हणाली, "चला, आत्ता उघडू."

काकांच्या घरात तो टीव्ही क्रोशाच्या रुमालाखाली होता. समोर काकींची वेताची खुर्ची. मी बॅटरी धरली. काकांनी झाकण काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि आत बघितलं. जळाले होते फक्त एक फ्यूज आणि एक निळी चकती. बाकी सगळं शाबूत.

"धा मिनटांचं काम," ते म्हणाले. तेच पुन्हा म्हणाले. मग भिंतीला टेकून खाली बसले. आईने त्यांना पाणी दिलं.

त्या दहा मिनिटांच्या कामाला त्यांना तासभर लागला. शेवटी त्यांनी मध्ये खोका जोडला, मीटर लावून आकडा बघितला आणि बटण दाबलं. चॅनल कुठलंच नव्हतं, पडदाभर नुसत्या मुंग्या आणि खरखर. मघासारखे मी आणि आई रांगेत उभे राहिलो.

काकांनी हाताने आम्हाला थांबवलं. स्वतः खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले.

"दाब रोजचाच होता, फिलू," ते म्हणाले. "चूक माजी."