पाटी लागण्याआधी

लडलो गावात वडिलांसाठी घर मिळावं म्हणून हेस्टरने आठ महिन्यांत इस्टेट एजंट पार्गेटरला चार केक खाऊ घातले होते. बिनजिन्याची बैठी घरं त्या गावात ‘विकणे आहे’ची पाटी लागायच्या आतच संपत. ती आधी कळत फक्त पार्गेटरच्या वहीतल्या लोकांना.

तिचे वडील, क्लिफर्ड टॅन्स्ली, आई गेल्यापासून क्लीथॉर्प्सला एकटेच राहत होते, गाडीने चार तासांवर. एकदा ते जिन्यावरून पडले. ही बातमी त्यांनी लेकीला तीन आठवड्यांनी, हवापाण्याच्या गप्पांत सांगितली. आजवर अकरा घरं पाहून झाली होती आणि अकराही त्यांनी नापास केली होती. एकाचं स्वयंपाकघर उत्तरेला, दुसर्‍याच्या शेजारी कुत्रा, तिसर्‍याला काहीच दोष नव्हता म्हणून संशय.

सोमवारी पार्गेटरचा फोन आला. “गुरुवारी अकराला या. अजून फोटोसुद्धा काढलेले नाहीत. पण मालकीणबाईंनी शेजारीपाजारी सांगितलेलं नाही, तेव्हा दारात विक्रीबिक्री काही बोलू नका. मी गाडी चर्चमागे लावून आत थांबतो. टपालपेटीपासून तिसरं घर.”

लाल टपालपेटी पहिल्या घराच्या भिंतीतच बसवलेली होती.

“हे सोडून तिसरं,” हेस्टर म्हणाली.

“का सोडून? या घराने काय घोडं मारलंय?” क्लिफर्डनी विचारलं आणि ते मोजून तिसर्‍या दारासमोर उभे राहिले. आयुष्यभर रेल्वेचे सिग्नल सांभाळलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

दार एका म्हातार्‍या बाईंनी उघडलं.

“आम्ही अकराचे,” हेस्टर कुजबुजली.

बाईंनी दोघांकडे पाहिलं, मग आतल्या घड्याळाकडे. “अगबाई, अकराचे! या ना, या. मी म्युरिएल बेडोज.”

पार्गेटर दिसेना. उशीर झाला असेल, असं धरून, घर बघताना वाजू नये म्हणून हेस्टरने फोन मुका केला आणि विचारलं, “सगळीकडे बघितलं तर चालेल?”

“सगळीकडे?” बाई जरा थबकल्या. “बघा की. पलंग तेवढा आवरलेला नाही हं.”

हेस्टरने नळ सोडले, कपाटं उघडली, संडासची साखळीसुद्धा ओढून पाहिली. बेडोजबाई मागून येत प्रत्येक कपाटाबद्दल माफी मागत होत्या, मग चहा करायला गेल्या. हेस्टर परत आली तेव्हा वडील स्वयंपाकघरात बसले होते आणि चक्क हसत होते.

“एनिड कपात आधी दूध घालायची,” ते सांगत होते. “बेचाळीस वर्षं सांगून थकलो.”

“बरोबर करायच्या त्या,” बेडोजबाई किटली ठेवत म्हणाल्या.

“तीही हेच म्हणायची.”

आईचं नाव त्यांच्या तोंडून हेस्टरने वर्षभरात ऐकलं नव्हतं. तिला एकदम हुरूप आला. “बाबा, ही मधली भिंत पाडली तर खोली केवढी मोठी होईल!”

बेडोजबाईंनी भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “एक विचारू? राग मानू नका,” त्या म्हणाल्या. “आपण कोण?”

हेस्टरने फोन काढला. पार्गेटरचे सात फोन येऊन गेले होते आणि एक निरोप होता: मागून आलेल्या जोडप्याने घर घेतलं, अकरा वीसला. “आम्ही विकाऊ घर बघायला आलो होतो, ते तुमच्या शेजारचं,” ती म्हणाली.

“तुम्ही आम्हाला आत तरी का घेतलंत?”

“मला वाटलं, मीच विसरले. एक्क्याऐंशी झालीत मला, आधी आपलीच चूक धरायची सवय लागते. भिंतीचं निघालं तेव्हा म्हटलं, नगरपालिकेची माणसं असतील.” मग त्या दुखावून म्हणाल्या, “पण शेजारची पेग घर विकतेय? आणि मला बोलली नाही?”

क्लिफर्ड कपाकडे बघत होते. “मीच चुकीचं मोजलं.”

“जाऊ दे हो, बाबा. पण आज एकही खोड काढली नाहीत तुम्ही.”

“राहत्या घरात खोड काढतात का कुणी?” त्यांनी कप खाली ठेवला. “तू आता यांची कपाटं उघडत फिरलीस ना. आपलं घर विकायला काढलं की तिथेही लोक असेच फिरणार. तुझ्या आईचं कपाट मी अजून उघडलेलं नाही.”

आठ महिने हेस्टर इथलं घर शोधत होती. तिथल्या घराचं काय, हे तिने विचारलंच नव्हतं.

बेडोजबाईंनी कप पुन्हा भरले. “अलीकडचे ऑन्स्लो मार्चमध्ये मुलाकडे जातायत, कॉर्नवॉलला. एजंटला अजून पत्ता नाही, मला कुंपणावरून कळलं. घर विकायचंय, पण घाई नाही त्यांना. वर्षभर भाड्याने राहायचं, जमलं तर घ्यायचं. तोवर तुमचं घर आहे तसं राहू दे, कुलूप लावून.”

क्लिफर्ड उठले, त्यांनी टोपी घातली आणि बाहेर पडून ते अलीकडच्या घराकडे निघाले. हेस्टर मागे निघाली तशी बेडोजबाईंनी तिला खुर्चीत बसवलं. “एकट्यांना जाऊ द्या.”

पाऊण तासाने ते परतले. कोटाला ओली माती, हातात कांद्याची पात.

“कसं आहे घर?” हेस्टरने विचारलं.

“घर?” क्लिफर्ड दारातच थांबले. “अरेच्चा, घर बघायचं राहिलंच. मी आणि ऑन्स्लो मागे वाफ्यांत होतो.” त्यांनी पात बेडोजबाईंच्या हातात दिली. “पण मार्चमध्ये येतो म्हणून सांगून आलोय.”